तज्ज्ञाचा हिशेब उघडा हवा

जानेवारी १९९९. वॉशिंग्टनच्या फेडरल न्यायालयात मायक्रोसॉफ्टविरुद्धचा मक्तेदारीचा खटला चालू होता. साक्षीदाराच्या खुर्चीत रिचर्ड श्मॅलन्सी होते. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाचे नामांकित अर्थशास्त्रज्ञ, तिथल्या स्लोन व्यवस्थापन संस्थेचे डीन आणि कंपनीच्या बाजूचे प्रमुख आर्थिक तज्ज्ञ. सरकारी बाजूने डेव्हिड बॉइज उलटतपासणी घेत होते. त्यांनी श्मॅलन्सींचाच एक जुना लेख काढला, १९८२ साली हार्वर्ड लॉ रिव्ह्यूमध्ये छापलेला. एखादी कंपनी वर्षानुवर्षे भरमसाठ नफा कमावत असेल, तर तो बाजारावरच्या तिच्या पकडीचा पुरावा धरता येतो, असा त्या लेखाचा रोख होता. आणि आता साक्षीत श्मॅलन्सी सांगत होते, की मायक्रोसॉफ्टच्या नफ्यावरून मक्तेदारी सिद्ध होत नाही. लेखातला तो उतारा समोर ठेवल्यावर ते म्हणाले, हे वाचून माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो हा, की तेव्हा मी नेमका काय विचार करत होतो?

त्याच खटल्यात सरकारचे तज्ज्ञ होते फ्रँकलिन फिशर. तेही एमआयटीचेच. श्मॅलन्सींनी पीएचडी केली ती फिशरांच्या हाताखाली. म्हणजे एका बाजूला गुरू, दुसऱ्या बाजूला शिष्य, दोघे एकाच विद्यापीठात, आणि एकाच कंपनीबद्दल दोघांची उत्तरे अगदी उलट. सामान्य वाचकाची यावर जी प्रतिक्रिया होते ती मला ठाऊक आहे, कारण वर्गात हे सांगितले की मुलांची दर वर्षी तीच होते: सर, म्हणजे पैसे देईल त्याचे अर्थशास्त्र.

मला हे उत्तर मान्य नाही. त्यात तथ्य नाही असे नाही, पण ते खऱ्या दुखण्यावरून नजर भलतीकडे नेते. दुखणे फीमध्ये आहे त्याहून कितीतरी अधिक झाकाझाकीत आहे. आणि आपल्याकडे मोठमोठ्या कंपन्यांचे खटले आता कुठे उभे राहू लागले असताना ही झाकाझाकी पद्धत म्हणून रुजते आहे.

फिशरांची कारकीर्द नीट पाहिली तर हे समजायला सोपे जाते. १९३४ सालचा जन्म, १९६० पासून एमआयटीत, १९७३ साली जॉन बेट्स क्लार्क पदक. चाळिशीच्या आतल्या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाला मिळणारा हा मोठा मान. त्यांचे मूळ काम अर्थमितीतले, म्हणजे आकडेवारीवरून आर्थिक संबंध शोधण्याच्या शास्त्रातले, आणि अत्यंत तांत्रिक. किंमत आणि खप यांचे आकडे समोर आहेत. पण त्यांत मागणीची रेषा कोणती आणि पुरवठ्याची कोणती हे आकड्यांकडे नुसते पाहून कळत नाही. कळायचे असेल तर आकड्यांच्या बाहेरची कोणती माहिती लागते? या प्रश्नावर त्यांनी १९६६ साली सबंध पुस्तक लिहिले. न्यायालयाशी याचा काय संबंध, असे वाटेल. माझ्या मते सगळा संबंध आहे. आकडे आपण होऊन काही बोलत नाहीत, त्यांच्यामागे आपण गृहीत धरलेले काहीतरी असते, आणि ते गृहीतक मांडून दाखवणे हेच तज्ज्ञाचे काम, हे ज्याला तरुणपणीच पुरते कळले होते तो माणूस पुढे साक्षीला उभा राहिला.

पहिला मोठा खटला आयबीएमचा. अमेरिकी सरकारने तो १७ जानेवारी १९६९ रोजी भरला. सुनावणी १९७५ साली सुरू झाली. साक्षीपुराव्याची पाने लाखाच्या वर गेली. शेवटी ८ जानेवारी १९८२ रोजी सरकारने स्वतःच, खटल्यात अर्थ नाही म्हणून, तो मागे घेतला. तेरा वर्षे. तेवढ्यात संगणकाचा धंदाच बदलून गेला होता. यात फिशर आयबीएमच्या बाजूने होते. त्यांचे म्हणणे असे, की बाजारातला वाटा मोठा आहे एवढ्यावरून मक्तेदारी ठरत नाही. आयबीएमला प्रतिस्पर्धी सतत ढुशा देत होते, आणि चांगले यंत्र स्वस्तात विकून ग्राहक टिकवणे हा गुन्हा नव्हे. ताळेबंदातल्या नफ्याच्या टक्केवारीवरून मक्तेदारी काढणे चूक आहे, असा शोधनिबंधही त्यांनी सहलेखकाबरोबर १९८३ साली छापला.

पंधरा वर्षांनी तेच फिशर मायक्रोसॉफ्ट मक्तेदार आहे असे सांगायला सरकारच्या बाजूने उभे. आणि गंमत अशी, की बॉइज हे आयबीएमच्या वेळी कंपनीच्या वकिलांच्या ताफ्यात होते. वकील आणि तज्ज्ञ दोघेही आता कुंपणाच्या दुसऱ्या बाजूला. कोलांटउडी म्हणावे असे हे चित्र. पण फिशरांच्या दोन साक्षी शेजारी ठेवून वाचल्या तर कसोटी एकच दिसते: ग्राहकाला उद्या दुसरीकडे जायचे ठरवले तर जाता येते का? आयबीएमच्या ग्राहकाला जाता येत होते, जात होतेही. विंडोजच्या ग्राहकाला जाता येत नव्हते. न्यायाधीश जॅक्सन यांनी नोव्हेंबर १९९९ मध्ये जे निष्कर्ष नोंदवले त्यांत हे तपशिलात आले आहे: विंडोजचा वाटा वर्षानुवर्षे ९० टक्क्यांच्या वर, आणि विंडोजवर चालणारे ७०,०००हून अधिक प्रोग्रॅम. नवी ऑपरेटिंग सिस्टीम कितीही चांगली केली तरी तिच्यावर चालणारे प्रोग्रॅम नाहीत म्हणून ती कोणी घेत नाही, आणि कोणी घेत नाही म्हणून तिच्यासाठी कोणी प्रोग्रॅम लिहीत नाही. या चक्रालाच खटल्यात प्रवेशाची भिंत म्हटले गेले. तत्त्व तेच, वस्तुस्थिती वेगळी, म्हणून उत्तर वेगळे. डॉक्टरने एका तापाला मलेरिया आणि दुसऱ्याला टायफॉइड म्हटले तर आपण त्याला पलटी खाणारा म्हणत नाही.

श्मॅलन्सींवरही अन्याय नको. त्यांचा एक युक्तिवाद खरोखर विचार करायला लावणारा होता. मायक्रोसॉफ्ट खरी मक्तेदार असती तर तिने विंडोजला ९०० ते २,००० डॉलर लावले असते, असे गणित त्यांनी मांडले. प्रत्यक्ष किंमत त्याच्या कितीतरी खाली होती. फिशरांनी त्यावर आपले उत्तर दिले. ते गणित मांडले गेले, त्यावर भर न्यायालयात वाद झाला, कोणालाही ते तपासता आले. पण त्याच साक्षीत आणखी एक गोष्ट निघाली. ऑपरेटिंग सिस्टीमच्या नफ्याचे तपशील का घेतले नाहीत, असे विचारल्यावर उत्तर आले, की ही विक्री कागदांवर हाताने लिहून ठेवतात असे कंपनीने मला सांगितले. जगातली सर्वांत मोठी सॉफ्टवेअर कंपनी, आणि तिचे हिशेब हाताने लिहिलेल्या कागदांवर. तज्ज्ञ म्हणून मला अडचण वाटते ती इथे. कंपनीने सांगितले म्हणून ते खरे धरले, आणि पुढे विचारले नाही.

फिशरांच्या साक्षीतला एक क्षण मात्र मी मुलांना नेहमी सांगतो. कंपनीच्या वकिलाने त्यांना विचारले, आजपर्यंत एकंदरीत पाहता ग्राहकांचे नुकसान झाले आहे का? सरकारी पक्षाला हवे ते उत्तर उघड होते. फिशर म्हणाले, एकंदरीत पाहता, आतापर्यंत तरी नाही असे मला वाटते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत मायक्रोसॉफ्टच्या बाजूने त्याचे मथळे झाले. त्यांचे मुख्य म्हणणे पुढच्या काळाबद्दल होते: स्पर्धकाचा गळा आवळला गेला तर जी उत्पादने कधी जन्मालाच येणार नाहीत, त्यांचे नुकसान आज मोजता येत नाही. पण आज जे मोजता येत नाही ते मोजले आहे असे त्यांनी म्हटले नाही. २००१ साली अपील न्यायालयाने कंपनीचे दोन तुकडे करण्याचा आदेश रद्द केला, पण मक्तेदारी बेकायदा मार्गाने टिकवल्याचा ठपका एकमताने कायम ठेवला.

आता फीकडे येऊ, कारण हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. पैसे घेऊन तज्ज्ञ खोटे बोलतो, असे क्वचित घडते. विद्यापीठात नाव कमावलेल्या माणसाला खोटे परवडत नाही. जुना लेख कधी समोर येईल सांगता येत नाही. खरी गोष्ट खोटेपणाहून साधी आहे आणि जास्त वाईट आहे. पक्षकाराचे वकील चार-पाच प्राध्यापकांशी बोलतात. कोणी म्हणतो, तुमची बाजू लंगडी आहे. कोणी म्हणतो, अर्धी खरी आहे. एक जण म्हणतो, तुमचे बरोबर आहे. तो मनापासून म्हणतो. त्यालाच बोलावणे जाते. बाकीच्यांचे मत कोणत्याही नोंदीत उरत नाही. न्यायाधीशासमोर येतात ते दोन टोकांचे दोन प्रामाणिक लोक, आणि न्यायाधीशांना वाटते की अर्थशास्त्रात या प्रश्नावर निम्मे-निम्मे मत आहे. चाळणीतून काय गळून गेले ते त्यांना दिसत नाही.

हे मी लांबून बोलत नाही. माझ्या मामाची संत्र्याची बाग होती, वऱ्हाडात. ४१२ झाडे. एका प्रकल्पासाठी ती गेली आणि मोबदला वाढवून मिळावा म्हणून त्याने दावा लावला. मी तेव्हा नुकताच एम.ए. झालो होतो, अर्थशास्त्रातला म्हणून घरच्यांनी मला त्याच्याबरोबर कोर्टात पाठवले. दोन्ही बाजूंनी मूल्यांकन करणारे तज्ज्ञ होते, दोघेही कृषी पदवीधर. सरकारी तज्ज्ञाच्या अहवालात झाडे म्हातारी, रोगट, उत्पन्न जेमतेम. आमच्या तज्ज्ञाच्या अहवालात प्रत्येक झाड भरघोस. हजार फळांचा भाव दोघांनीही जवळपास सारखाच धरला होता, तरी शेवटची एक रक्कम दुसरीच्या चौपट. मी आमच्या अहवालाची प्रत मागून घेतली आणि आवारातल्या लिंबाखाली बसून मामाला वाचून दाखवायला लागलो. तिसऱ्या पानावर तो मला थांबवत म्हणाला, ‘‘हे काय लिहिलं? आंबिया बी अन् मृग बी? एकाच साली दोन्ही बहार पूरे घेतले तं झाड जगते का बाप्पा!’’

संत्र्याची बाग राखणाऱ्या कोणालाही हे माहीत असते. पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा आणि आंबिया किंवा मृग यांतला एकच बहार, म्हणजे फुलोरा, धरायचा, दुसरा सोडायचा. दोन्ही पूर्ण धरले की झाड खंगते. आमच्या तज्ज्ञाने दोन्ही बहारांचे पूर्ण उत्पन्न बेरीज करून लावले होते. सरकारी वकिलाच्या लक्षात ते आले नाही. सरकारी तज्ज्ञाने काय केले होते ते आमच्याही लक्षात आले नाही. त्याच्या अहवालाची प्रत आम्हाला मिळाली ती पार शेवटी. उलटतपासणी झाली ती अशी: तुम्ही बागेत कोणत्या तारखेला गेलात, पंचनाम्यावर सही कोणाची, फी किती घेतली. गणिताला कोणी हात लावला नाही. आणि निकाल लागला तो दोन्ही रकमांच्या साधारण मधला.

या मधल्या आकड्याचा विचार मी तेव्हापासून करतो आहे. गणित तपासता येत नाही म्हटल्यावर न्यायाधीश बिचारा मधला आकडा घेतो. मधला आकडा घेतात हे एकदा कळले की दोन्ही बाजूंना आपापले टोक आणखी लांब ओढण्यातच फायदा दिसतो. जो तज्ज्ञ नेमके तेवढेच सांगेल त्याच्या पक्षकाराचे नुकसान होते. म्हणजे झाकलेला हिशेब नुसता चूक लपवत नाही, तो प्रामाणिक माणसाला धंद्यातून बाहेर काढतो. फी सरकारने दिली काय किंवा मामाने दिली काय, यात फरक पडत नाही.

हिशेब उघडा असला की काय होते याचेही उदाहरण आहे, आणि ते फार जुने नाही. हार्वर्ड विद्यापीठ प्रवेशात एशियन-अमेरिकन मुलांवर अन्याय करते, असा खटला २०१८ साली बॉस्टनमध्ये चालला. एशियन-अमेरिकन म्हणजे त्यात न्यू जर्सीतली आणि कॅलिफोर्नियातली मराठी घरेही आली. अनेक घरांत त्या वर्षी हीच चर्चा होती. वादींकडून ड्यूक विद्यापीठाचे पीटर आर्सिडियाकोनो, हार्वर्डकडून बर्कलीचे डेव्हिड कार्ड. कार्डना पुढे २०२१ साली नोबेल मिळाले. दोघांच्या हातात अगदी तीच माहिती: सहा वर्षांचे दीड लाखाहून अधिक अर्ज. एकाला भेदभाव दिसला, दुसऱ्याला नाही.

पण इथे फरक कुठे पडतो ते सगळ्या जगाला दिसत होते. हार्वर्ड प्रत्येक अर्जदाराला व्यक्तिमत्त्वाचे गुण देते. त्यात एशियन मुलांना सरासरी कमी गुण मिळत. आर्सिडियाकोनो म्हणाले, हे गुणच भेदभावाने दूषित झालेले असू शकतात, म्हणून समीकरणात ते नकोत. कार्ड म्हणाले, प्रवेशाचा निर्णय त्या गुणांवरही होतो, ते वगळले तर चित्र अपुरे राहते. खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुले, देणगीदारांशी संबंधित अर्जदार, प्राध्यापकांची मुले यांना हिशेबात घ्यायचे की बाजूला ठेवायचे, यावरही दोघे वेगळे. खालच्या न्यायालयाने कार्ड यांचे विश्लेषण अधिक ग्राह्य धरले. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने वंशाधारित प्रवेशपद्धतच घटनाबाह्य ठरवली. निकाल कोणाला आवडो न आवडो. मला महत्त्वाचे वाटते ते हे, की दोन्ही तज्ज्ञांचे अहवाल, तक्त्यांसकट, कोणालाही वाचता आले. खटल्यात उघड झालेल्या माहितीवरून आर्सिडियाकोनो आणि सहकाऱ्यांनी माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणाऱ्या झुकत्या मापावर स्वतंत्र निबंध लिहिला, आणि अमेरिकेत त्या सवलतीवर नव्याने वाद पेटला. पैसे दोघांनीही घेतले असतील, पण लोकांच्या हाती काहीतरी पडले. मी पुण्यातल्या वर्गात बसून मुलांना त्यातला तक्ता फळ्यावर मांडून दाखवू शकलो.

आपल्या मुलुखात ही परंपरा नव्हती असे कोणी समजू नये. एप्रिल १८९७ मध्ये लंडनला वेल्बी आयोगासमोर तीस वर्षांचे गोपाळ कृष्ण गोखले साक्षीला उभे राहिले, फर्ग्युसन कॉलेजातले प्राध्यापक म्हणून आणि डेक्कन सभेचे प्रतिनिधी म्हणून. विषय हिंदुस्थान सरकारच्या खर्चाचा. त्यांच्यामागे न्यायमूर्ती रानडे होते, आणि सोलापूरकडे सरकारी शाळेत शिकवणारे गणेश व्यंकटेश जोशी होते, ज्यांचे नाव आज फारसे कोणाला आठवत नाही. सरकारी अहवालांतले आकडे वेचून, जुळवून, गोखल्यांची तयारी या माणसाने करून दिली. आयोगातल्या मुरलेल्या साहेबांनी गोखल्यांना प्रश्न विचारले तेव्हा त्यांच्याकडे सरकारच्याच कागदांतले आकडे होते. छापलेले, उघडे, साहेबांना खोडायचे तर ते स्वतःचेच कागद उघडून खोडावे लागणार होते. साक्ष टिकली.

त्याच मुक्कामात दुसरी गोष्ट घडली आणि ती मला तितकीच मोलाची वाटते. पुण्यातल्या प्लेगच्या वेळी गोऱ्या सोजिरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचा आरोप गोखल्यांनी इंग्लंडात जाहीरपणे केला, मित्रांच्या पत्रांच्या भरवशावर. पुरावा मागितला गेला तेव्हा पत्रे लिहिणाऱ्यांपैकी कोणी पुढे येईना. परतल्यावर त्यांनी बिनशर्त माफी मागितली. लोकांनी त्यांना भ्याड म्हटले, कितीतरी वर्षे तो डाग त्यांच्या नावाला चिकटवला गेला. प्लेगच्या काळात लोकांचे हाल झाले नाहीत असा याचा अर्थ मुळीच होत नाही. पण साक्षीदार म्हणून, ज्याचा आधार दाखवता येत नाही ते विधान मागे घेण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता, आणि त्यांनी तो घेतला. वेल्बी आयोगासमोरची साक्ष आणि ही माफी एकाच माणसाच्या एकाच सवयीतून आली, असे मला मनापासून वाटते.

आणि डॉ. आंबेडकर. सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलेले, लंडनला डॉक्टरेट घेतलेले. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ १९२३ साली छापून आले. त्याला प्रस्तावना लिहिली ती त्यांचे शिक्षक एडविन कॅनन यांनी, आणि त्या प्रस्तावनेतच लिहिले की मला याची बरीचशी मते पटत नाहीत. १५ डिसेंबर १९२५ रोजी, हिंदुस्थानच्या चलनाचा विचार करणाऱ्या हिल्टन यंग आयोगासमोर आंबेडकरांची साक्ष झाली. पुस्तकात सुवर्ण-विनिमय पद्धतीविरुद्ध, म्हणजे रुपया थेट सोन्याशी न बांधता सोन्यावर आधारलेल्या परकी चलनाशी बांधण्याविरुद्ध, जे मांडले होते तेच त्यांनी तिथे उभे राहून मांडले. छापलेला विचार आणि साक्षीतला विचार एकच. श्मॅलन्सींवर १९९९ मध्ये जी वेळ आली ती आंबेडकरांवर आणता आली नसती. आयोगातल्या कोणीही पुस्तक उघडून पाहावे.

आज आपल्याकडे काय आहे? १ जुलै २०२४ पासून १८७२ च्या पुरावा कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली. जुन्या कलम ४५ मध्ये तज्ज्ञ म्हणजे परदेशी कायदा, विज्ञान, कला, हस्ताक्षर, बोटांचे ठसे. नव्या कलम ३९ मध्ये ‘अन्य कोणतेही क्षेत्र’ असे शब्द आले. अर्थशास्त्रज्ञाला आत शिरायला आता दार रुंद आहे. मत ज्या आधारावर दिले तो आधारही विचारात घ्यायचा, ही तरतूद तर जुन्या कायद्यातही होती, कलम ५१. म्हणजे हिशेब दाखवा ही मागणी काही नवी नाही. ती इंग्रजांच्या काळापासून कायद्यात पडून आहे.

प्रत्यक्षात, मक्तेदारीच्या तक्रारी जिथे जातात त्या स्पर्धा आयोगासमोरच्या मोठ्या प्रकरणांत दोन्ही बाजूंचे आर्थिक अहवाल सादर होतात आणि गोपनीय म्हणून कपाटात जातात. आदेशाची जाहीर प्रत वाचायला घ्यावी, तर नेमक्या आकड्याच्या जागी रिकामा कंस. २०२२ पासून गोपनीयतेचे वर्तुळ नावाची सोय आहे. त्यात दोन्ही पक्षांच्या निवडक लोकांना कागद पाहता येतात. पक्षांची सोय झाली. बाकीच्यांचे काय? ऑक्टोबर २०२२ मध्ये आयोगाने अँड्रॉइडच्या प्रकरणात गुगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला; मार्च २०२३ मध्ये अपील लवादाने दंड कायम ठेवला आणि आयोगाने घातलेल्या निर्बंधांपैकी चार उठवले. या वादातला प्रत्येक मुद्दा या देशातल्या जवळजवळ प्रत्येक खिशातल्या फोनशी निगडित आहे. तो दंड का योग्य आणि ते निर्बंध का अयोग्य, याचे मूळ गणित तपासू म्हटले तर माझ्या विद्यार्थ्याच्या हाती काय येते? आदेश येतो. गणित येत नाही.

कंपन्यांची व्यापारी गुपिते असतात, हे मला मान्य आहे. कच्च्या मालाचा चालू भाव, पुढच्या वर्षीचा बेत, हे कोणी उघडे करा म्हणत नाही. पण तज्ज्ञाने कोणते समीकरण वापरले, कोणता बाजार धरला, काय वगळले आणि का वगळले, याआधी त्याने कोणाकोणासाठी साक्ष दिली, आणि याच प्रश्नावर त्याने पूर्वी काय छापले, यात कोणते गुपित आहे? आकडे दोन वर्षांनी जुने झाल्यावर तेही उघडे करायला हरकत नसावी.

न्यायाधीशाने स्वतःचाच अर्थशास्त्रज्ञ नेमावा, असा उपाय पुष्कळजण सुचवतात. अमेरिकेत हे करून पाहिलेले आहे. १९५०च्या सुमारास युनायटेड शू मशिनरीच्या खटल्यात न्यायाधीश वायझान्स्की यांनी हार्वर्डचे कार्ल कायसन यांना आपल्या मदतीला घेतले. काम उत्तम झाले, कायसन यांनी त्यावर पुस्तकही लिहिले. पण दालनात ते न्यायाधीशांना काय सांगत होते, यावर दोन्ही पक्षांना उलटतपासणी करता येत नव्हती. बाहेरची झाकाझाकी गेली आणि दालनातली आली. आपल्याकडे कोर्ट कमिशनर नेमतात, बांधाच्या मोजणीला आपण सगळे त्याला ओळखतो; तसा आर्थिक प्रश्नावर नेमावा, पण त्याचा अहवाल दोन्ही पक्षांना आणि लोकांना वाचायला मिळावा, आणि त्याला प्रश्न विचारता यावेत. दिल्ली उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या नियमांत दोन्ही बाजूंच्या तज्ज्ञांना एकत्र बसवून, एकमेकांसमोर बोलते करण्याची सोय आहे. ऑस्ट्रेलियात ही पद्धत रुळली. समोर आपल्याच विषयातला जाणकार बसलेला असताना दोन बहारांची बेरीज करून दाखवायला माणूस कचरतो.

आणि उघडेपणाने काम अडते म्हणणाऱ्यांनी महाराष्ट्र वीज नियामक आयोगाकडे पाहावे. दरवाढीचा अर्ज जाहीर होतो, आकडेवारीसकट. इचलकरंजीचा यंत्रमागवाला, पंपाचे बिल भरणारा शेतकरी, पुण्यातली प्रयाससारखी संस्था, कोणीही हरकत नोंदवतो आणि सुनावणीला उभा राहतो. सगळ्या हरकती मान्य होतात असे नाही. पण हे इथवर आले ते दाभोळच्या अनुभवातून. एन्रॉनशी १९९३ साली झालेला वीजखरेदी करार लोकांपासून दडवून ठेवला गेला, आणि त्या दराचे ओझे राज्याच्या वीज मंडळाला पेलेना म्हणून २००१ मध्ये तो मोडण्याची पाळी आली. तो करार आधी जनसुनावणीला ठेवला असता तर एवढी किंमत मोजावी लागली नसती, असे माझे ठाम मत आहे. विजेच्या दराला जी वागणूक आपण देतो ती फोनच्या, औषधाच्या, विमानाच्या तिकिटाच्या मक्तेदारीला का देऊ नये?

मामाच्या पैशांतून धाकट्याचे शिक्षण झाले आणि घराला स्लॅब पडला. बऱ्याच वर्षांनी, तो आजारी असताना, मी त्याला त्या दोन बहारांबद्दल विचारले. तेव्हा कोर्टात का नाही बोललास, म्हटले. त्याने थोडा वेळ विचार केला. मग म्हणाला, ‘‘मले इचारलं कोनं? नाव इचारलं, गट नंबर इचारला, अन् सही घेतली.’’